येसूला माग कळत असे

मेलेला बिबट्या फार लहान दिसतो. परवा हातखंब्याच्या अलीकडे एक ट्रकखाली मेला. नातू मोटार थांबवून बघून आला आणि म्हणाला, "आजी, एवढुसाच असतो? मला वाटलं होतं, केवढा असेल." मी उतरले नाही. त्याच्या वयाची असताना मी पुरेसे बघितले आहेत. पण मग दिवसभर येसू डोक्यातून गेली नाही. तिला ओळखणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा लिहून ठेवते.

मी पूर्णगडची. बाप पडावावर खलाशी होता. मासा, भरती, वारा एवढं मला कळे. रान कळत नसे. मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या दोन-तीन वर्षं आधी माझं लग्न झालं आणि मी आत, सड्याच्या पायथ्याच्या वाडीत आले. वर जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्याच्या कडेला झाडीने भरलेली घळ, घळीतून येणारा पऱ्या आणि पऱ्याच्या काठाला आमची घरं. नवरा महिन्याभरात मुंबईला गिरणीत परत गेला. घरात मी, सासू आणि चार वर्षांची नणंद गंगी.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळची मी मागील दारी उकिडवी बसून राखेने भांडी घाशीत होते. दगडी गडग्यापलीकडून घोगरा आवाज आला.

"ए नव्या सुने, उभी ऱ्हा."

मला वाटलं, रीतीत काही चुकलं. मी उभी राहिले आणि पदर डोक्यावर घेतला.

"आता माणूस दिसतेस. बसलीवतीस तेवा शेळी दिसत व्हतीस."

एवढं बोलून ती निघून गेली. मला राग आला. सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, "येसू म्हणते तर तसंच असंल. तिन्हीसांजेला भांडी आत घेऊन घास."

ही येसू. तेव्हा चाळिशीची असेल. काळी, हाडकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंडात कायम मिसरी. तिच्या एका कानाची वरची पाळी फाटलेली होती. मुंबईहून आलेल्या पोरांना वाटे, वाघाने फाडली. ती नवऱ्याने फाडली होती, बुगडी ओढून नेताना. ती बुगडी विकून तो मुंबईला गेला तो परत आला नाही. मी एकदा विचारलं, "नवरा कुठं असतो तुझा?"

"सड्यावरच्या जनावराचा मला माग लागतो," ती म्हणाली. "ह्यो मेला आगबोटीत चढला. पाण्यावर कसला माग गो?"

वाडीतले बापये बहुतेक मुंबईला, म्हणून गुरं राखायचं काम तिच्याकडे आलं होतं. सकाळी सगळ्यांची गुरं ती सड्यावर नेई, संध्याकाळी आणी. स्वतःच्या दोन शेळ्या होत्या. मूल नव्हतं. मूल नव्हतं म्हणून तिने वाघिणीवर जीव लावला, असं पुढे लोक बोलत. ते खोटं आहे. येसू कशावरच जीव लावत नसे. शेळीला झालेले बोकड ती खाटकाला देई आणि दिल्यावर मागे वळूनसुद्धा बघत नसे. तिला ती माहीत होती, एवढंच. माहीत असणं वेगळं.

आमच्याकडे रानात वाघाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. बिबट्या असला तरी तो वाघच. येसू त्यातही फरक करी. नराला ती बोका म्हणे आणि घळीत राहणाऱ्या मादीला बाई. बाईच्या पुढच्या डाव्या पंजाचं एक बोट बाहेर वळलेलं होतं. धुळीत चार बोटं उमटली की येसू सांगे, ही बाई, काल दुपारी गेली, पोट भरलेलं होतं. पोटाचं कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणे, "भरल्या पोटाची बाई कशी चालते? तशीच."

पाखाडीच्या, म्हणजे सड्यावर चढणाऱ्या दगडी पायवाटेच्या, प्रत्येक वळणावर ती खाकरत असे. ते ऐकून माझ्या सासूला वाटे, हिला खोकला आहे, म्हणून ती तिला सुंठ देई. येसू सुंठ घेई, पण खाकरणं तिने सोडलं नाही. पुढे मला कळलं की ते जनावरासाठी होतं. "वळणावर आपली गाठ पडली तर ते बी घाबरतं आणि मी बी. मग कोन आदी काय करंल, ह्ये ना त्येला ठाऊक, ना मला. आधी सांगितलं की ते बाजूला व्हतं."

एकदा मी तिच्याबरोबर कवळ, म्हणजे भाजावळीसाठी झाडांच्या डहाळ्या, तोडायला वर गेले. एका ऐनाच्या झाडाजवळ ती थांबली आणि नाक वर करून म्हणाली, "इथं भात शिजलाय." मीही वास घेतला. खरंच, वासाच्या तांदळाच्या भातावरचं झाकण नुकतंच काढावं तसा वास येत होता. आसपास चूल नाही, घर नाही, माणूस नाही. येसूने झाडाचा बुंधा दाखवला. हाताएवढ्या उंचीवर नखांचे ओरखडे होते आणि खाली साल ओली होती.

"बाई मुतून गेलीय. ह्ये माजं परडं हाय, दुसऱ्यानं येऊ नये, असं सांगून ठेवलंय."

भारे बांधून आम्ही त्याच वाटेने उतरलो. चढताना धुळीत उमटलेली आमची पावलं तशीच होती, पण माझ्या पावलावर बाहेर वळलेल्या बोटाचा पंजा उमटला होता. म्हणजे आम्ही चढत होतो तेव्हा ती मागून येत होती. मी तो पंजा येसूला दाखवला.

"मग तिने काही केलं कसं नाही?"

"कशाला करंल? तिला माणूस ठाऊक हाय. दोन पायांवर उंच चालतं त्येच्या वाटंला जायचं नाय, ह्ये तिला तिच्या आयशीनं शिकवलंय. बसलेलं, वाकलेलं, लहान, ते काय हाय ह्ये तिला कळत नाय. आणि कळलं नाय की ती पोटाला इचारते."

बाईने गावच्या खोताचा एक पाडा, कोवळा गोऱ्हा, मारला होता तेव्हाची गोष्ट. खोताच्या गड्याला कातड्याचा मोह झाला. येसू म्हणाली, पडलाय तिथे पडू दे, ती आज संध्याकाळी परत येऊन खाईल आणि चार दिवस गप्प राहील. गड्याने ऐकलं नाही, पाडा ओढून आणला. दुसऱ्या दिवशी तिने गाभण गाय मारली. खोताने येसूला बोलावून विचारलं, "हे काय?" येसू म्हणाली, "कुणी तुमच्या पुढलं ताट उचललं तर तुमी उपाशी झोपाल काय?" खोत हसला. तेव्हा तो तिला मानत होता. सगळेच मानत होते.

मला येऊन चार वर्षं झाली असतील. त्या साली शिमग्याच्या आधी एक कुत्रं पिसाळलं आणि दोघांना चावलं. त्यातला एक जण कसा मेला ते मी लिहीत नाही. शिमग्याला मुंबईकर आलेले होते. पालखी नाचवून झाली होती, परतायला दोन दिवस होते आणि हात मोकळे होते. खोताच्या अंगणात ठरलं की वाडीतली सगळी कुत्री मारायची.

येसू तिथे गेली. बायकांमधून एकटीच.

"पिसाळलेलं मेलं. त्यानं चावलेली दोन-तीन कुत्री असतील ती बी मारा. बाकीची ठेवा. जनावर कुत्र्यांवर जगतंय. वरसाला चार कुत्री नेतं, आपून नवं पिल्लू आणतो. आजवर आपली पोरं राहिली ती कुत्र्यांमुळं. कुत्री संपली तर ते काय पेज पिऊन ऱ्हाईल?"

एक मुंबईकर म्हणाला, "येसूआते, त्याला आमच्याबरोबर दे पाठवून. गिरणीत लावून टाकू." सगळे हसले. माझा नवराही तिथे होता, तोही हसला. वर्षातले अकरा महिने मुंबईत काढणारी ही माणसं. त्यांना वाडी आठवत होती, रान विसरलं होतं.

दुपारपर्यंत एक कुत्रं उरलं नाही. येसूचं पण नाही. तिने ते सोडून दिलं होतं, पण हाक मारल्यावर ते कोणाकडेही जात असे. तिसऱ्या दिवशी मुंबईकर आगबोटीने गेले. रात्री वाडी इतकी शांत असे की झोप येत नसे.

वैशाखात, वाडीतच राहणाऱ्या धोंडूचा पाच वर्षांचा मुलगा गेला. दिवस मावळताना रायवळ आंब्याखाली बसून पडलेले आंबे गोळा करीत होता. सकाळी तो घळीच्या तोंडाशी सापडला. येसूने जमीन पाहिली आणि खोताला सांगितलं, "बाई हाय. बरोबर दोन पिल्लं हायत, अर्धी वाढलेली. तीन पोटं हायत, मालक."

खोताने रत्नागिरीहून पेन्शनीतला एक जमादार आणला. त्याच्याकडे बंदूक होती. त्याने सड्याच्या कडेला झाडावर माळा बांधला, खाली बोकड बांधला, आणि तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या वेळी बार काढला. चौघांनी बांबूला बांधून जनावर आणलं. तेव्हा ते केवढं वाटलं! ढोल वाजला, पोरांनी मिशा उपटल्या, धोंडूच्या बायकोने येऊन त्याच्या तोंडावर लाथ मारली. मग येसू आली. तिने गुडघा टेकून पुढचा पंजा उचलला आणि बोटं फाकवून बघितली.

"ह्यो बोका हाय. पोराला नेलं ती बाई."

जमादार म्हणाला, "बाई, वाघ तो वाघ. गोळीला काय नर, काय मादी?"

"तुमच्या गोळीला नसंल. पिल्लं तिची उपाशी हायत, ह्येची नाय."

"येसू, पुरे," खोत म्हणाला. "धोंडूच्या घरात आज कुठं धड चूल पेटंल."

"पेटू द्या की. पण पोरं आत ठेवा."

त्या दिवसापासून येसूने एक काम धरलं. गुरं बांधून झाली की ती दर घराच्या मागील दारी जाई आणि एवढंच म्हणे, "पोरं आत घ्या." पहिले चार-पाच दिवस लोकांनी घेतली. मग कंटाळले. मग चिडले. "आली जनावराची सासू," असं पोरं ओरडू लागली. आमच्या सासूने एका संध्याकाळी तिला तोंडावर सांगितलं, "येसू, वाघ मेला. मी त्येची शेपटी हातात धरून बघितली. सोन्यासारखी संध्याकाळ कशाला नासवतेस?"

"शेपटी बघितलीस. पंजा बघायचा व्हता," येसू म्हणाली.

ती गेल्यावर सासूने तिची नक्कल केली आणि मी हसले. हसले, हे लिहिलंच पाहिजे.

त्यानंतर तीन-चार दिवसांची गोष्ट. येसूच्या राखणीतली एक गाय चुकली होती, ती शोधायला ती थांबली, म्हणून त्या संध्याकाळी ती आली नाही. घरात धूर झाला होता. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. भांडी मीच गंगीच्या हातात दिली आणि बाहेर बसून घास म्हणाले. आठ वर्षांची होती. ओरडण्याचा आवाज आला नाही. तांब्या गडगडत गेल्याचा आवाज आला. मी आतूनच म्हणाले, "आपटू नकोस गो." मग बाहेर आले तर राखेची परडी उलटी पडली होती आणि राखेतून एक रुंद रेघ गडग्यापर्यंत गेली होती.

रात्रभर माणसं चुडी पेटवून ओरडत फिरली. काही उपयोग झाला नाही. उजाडल्यावर येसू घळीत उतरली. तिने इकडेतिकडे बघितलं नाही, माग शोधला नाही. सरळ गेली. तिच्यामागून गेलेल्या माणसांनी ते पाहिलं.

गंगी एका कपारीखाली पाल्यात झाकून ठेवलेली होती. खोत म्हणाला, तिला तिथेच राहू द्या. जनावर परत येईल, जमादाराला बोलावू, या खेपेला बरोबर तेच मरेल. बोलत होता ते खरं होतं. रानाच्या हिशेबाने तेच बरोबर होतं, आणि येसूनेच ते खोताला पाड्याच्या वेळी शिकवलं होतं. धोंडूने मान डोलावली. कोणीतरी विचारायला आमच्या घरी निघालं.

"कुनाला इचारायचं नाय," येसू म्हणाली. "पोर मी घरी नेते. तिच्या जागी माजी शेळी ठेवते."

तिने अंगावरच्या लुगड्याचा अर्धा भाग फाडला, त्यात गंगीला गुंडाळलं, आणि एकटीने उचलून आमच्या ओटीवर आणून ठेवलं. सासू खांबाला टेकून बसली होती. तिने गंगीकडे बघितलं नाही, येसूकडे बघितलं.

"तुला ती जागा ठाऊक व्हती?"

"व्हती."

"कवापासून?"

"शिमग्याच्या आधीपासून. गेल्या दिवाळीला पिल्लं डोळे मिटलेली व्हती तेवा दुसऱ्या कपारीत व्हती. मग तिनं हलवली."

"धोंडूचं पोर गेलं तेवा बी ठाऊक व्हती?"

"व्हती."

"मग का नाय बोललीस?"

येसूने तोंडातली मिसरी थुंकली आणि हाताने तोंड पुसलं.

"बोलले असते तर बापये जाऊन पिल्लं मारते. पिल्लं मेली की ती उलटली असती. मला वाटलं, मी रोज संध्याकाळी दारोदार फिरते, तेवढ्यात पाऊस लागंल. पावसात भेकरं खाली येतात, ससे मिळतात. दिवाळीपर्यंत पिल्लं सुटी झाली असती. मला वाटलं, जमंल."

"आणि गंगी?"

येसूने गंगीच्या पायावरून सरकलेलं लुगडं नीट केलं. सासूने तिला शिवी दिली नाही, मारलं नाही. एवढंच म्हणाली, "जा."

येसूने आधी जी गोष्ट सबंध वाडीला कधी करू दिली नव्हती ती तिने त्या दिवशी केली. काजऱ्याच्या विषारी बिया आणल्या, स्वतःच्या अंगणात दगडाने ठेचल्या आणि दूध देणारी शेळी मारून तिच्या पोटात आणि मांड्यांत भरल्या. कापायच्या आधी तिने शेळी कपारीपर्यंत चालवत नेली. ओढत नेली असती तर माणसांचा वास फार लागला असता, असं ती धोंडूला म्हणाली. गंगी जिथे होती तिथेच, त्याच पाल्याखाली तिने शेळी ठेवली. जमादाराला बोलावू दिलं नाही. कोणालाच घळीत उतरू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाई पऱ्याच्या पाण्याशी सापडली. लाकडासारखी ताठ झालेली, पाठ उलटी वाकलेली. जवळ एक पिल्लू, तसंच. मी बघायला गेले होते. तिच्या बरगड्या कातड्यातून वर आल्या होत्या. अंगात काही नव्हतं, नुसती लांबी होती. खोताने स्वतः वाकून पंजा बघितला. बोट बाहेर वळलेलं होतं. ढोल वाजवायचं कोणी काढलं नाही. दुसरं पिल्लू मिळालं नाही. कातडी काढून घेतली आणि धडं सड्यावर नेऊन टाकली, मेलेलं ढोर टाकतात तशी. येसू तेव्हा तिथे नव्हती. असती तर टाकू दिली नसती. काजरा एकाला मारून थांबत नाही. कोल्हे मेले, कावळे मेले, एक मुंगूस आमच्या परड्यात येऊन मेलं. आणि मग गिधाडं.

वाडीने येसूला वाळीत टाकलं नाही. नुसती गुरं दिली नाहीत. धोंडूच्या धाकट्या भावाला दिली. तिने विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही. पहिलं नवं कुत्रं मात्र त्याच आठवड्यात आलं, खोतानेच आणलं. पाऊस लागायच्या आत येसू दाराला दोरी बांधून दापोलीकडे बहिणीच्या गावी गेली, असं ऐकलं. जाताना ती आमच्या गडग्यावरून गेली नाही, वरच्या वाटेने गेली. मी तिला माफ केलं का, हे मला कोणी विचारलं नाही. तिने मला केलं का, हेही मी विचारलं नाही. भांडी बाहेर कोणी दिली, हे तिला ठाऊक होतं.

ती जाण्याआधी तिला शेवटचं मी सड्यावर बघितलं. गंगीचे दिवस होऊन गेले होते. मी शेण्या आणायला वर गेले, तर लांबून पहारीचा आवाज येत होता. येसू जांभा खणत होती. सड्यावर माती नसते, वीतभरसुद्धा नाही. पहार मारावी तेव्हा दगडाचा एक टवका निघतो. कमरेएवढा खड्डा तिने काढला होता. कडेला गिधाडं ओढून आणलेली होती, पंख पसरलेली, एकावर एक. माणसाएवढाली दिसत होती. तिच्या तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि चिंध्या लाल झाल्या होत्या.

मी पाटी खाली ठेवली आणि एका गिधाडाचा पंख धरला.

"हात लावू नको."

"एक बाजू धरते."

"नको म्हटलं ना. त्येच्या पोटात माजा काजरा हाय. कुत्र्यानं खाल्लं तर कुत्रं जाईल. आताच कुठं एक आलंय." मग जरा थांबून म्हणाली, "सासू जेवते?"

"जेवते."

"तू?"

"मीपण."

"बरं. जा घरी."

मी पाटी उचलली. पाखाडीच्या तोंडाशी आले तेव्हा पहारीचा आवाज थांबला, म्हणून वळून बघितलं. ढिगातलं एक गिधाड मेलं नव्हतं. मान दगडावर टाकून चोच उघडत होतं, मिटत होतं. येसू खड्ड्यातून वर आली होती. पहार हातात होती, पण तिने ती मारली नाही. ती त्याच्याजवळ उभी होती आणि ते मरायची वाट बघत होती.